पहिलीची घाई थांबवा!



जून जवळ आला की आपल्याकडे एकच चौकशी: पोराला शंभरपर्यंत लिहिता येतं का, एबीसीडी पूर्ण झाली का? चार वर्षांचं मूल वहीत अक्षरं गिरवतं, बोटं दुखली म्हणून रडतं आणि आपण पाहुण्यांना ती वही कौतुकाने दाखवतो. या घाईने मुलांचं नुकसान होत आहे. दोष एकट्या शाळांचा नाही. आपण मागतो, म्हणून त्या पुरवतात.

मूल शाळेला तयार झालं हे ओळखायचं कसं? जिल्हा परिषद शाळांत २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. तिथे टेबलापाशी उभं राहून नीट पाहा. मूल उडी मारतं का, कागदाची घडी घालतं का, वस्तूंचे गट लावतं का, चित्र पाहून गोष्ट सांगतं का, अनोळखी माणसाशी बोलतं का, असं पाहिलं जातं. ही तयारी घरीच होते: भाकऱ्या मोजताना, शेंगा सोलताना, घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांमधून हिंडताना. भेंडा-सोनईच्या कारखान्यांवर ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली मुलं मोळ्या मोजतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात, दोन-दोन गावांच्या गोष्टी सांगतात. त्यांना ‘कच्ची’ ठरवून मागच्या रांगेत बसवणं हा सरळ अन्याय आहे.

काही पालक म्हणतात, वर्गात सगळं सोपंच चाललं तर आमचं हुशार पोर कंटाळेल. ही काळजी खरी आहे. वाचता येणाऱ्या मुलाला वर्षभर ‘क’ गिरवायला लावू नयेच. पण म्हणून त्याच्यापुढे दुसरीचं पुस्तक टाकून भागत नाही. त्याला गोष्टींची पुस्तकं द्या. पुढे काय झालं असेल, ते विचारा. बारा शेंगदाणे किती जणांत सारखे वाटता येतील, ते त्याचं त्याला शोधू द्या. यात डोकं लागतं. शंभर वेळा लिहिण्यात फक्त हात दुखतो.

आणि हे सगळं मराठीत होऊ द्या. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये आपल्या नेवाशातच गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. एवढा गहन विचार ज्या भाषेत मांडला गेला, ती सहा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नांना अपुरी का पडावी? इंग्रजी शिकू द्या, जरूर शिकू द्या; पण पाठ केलेल्या चार वाक्यांना हुशारी समजू नका.

प्रवेश परीक्षेच्या भीतीने घाई करायचंही कारण नाही. बालवाडीच्या प्रवेशाला चाचण्या-मुलाखती नकोत, असं शाळकरी मुलांवरचं ओझं कमी करण्यासाठी नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितलं होतं. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली आहे. पहिल्याच वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कुणी परीक्षा घेतली तर गप्प बसू नका, लेखी तक्रार करा.

जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आयांनो, येत्या बैठकीत तुम्हीच उठून बोला. पहिली-दुसरीचा गिरवण्याचा गृहपाठ बंद करा म्हणा, कुलपातली गोष्टींची पुस्तकं वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवायला सांगा, आणि हा ठराव इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

— नेवाशातील काही पालक

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्यावे.)