पूल तळांतून खचतो

ता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला पूल पुरांत कोसळला, एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. बंधूंनो, याला नदीचा कोप म्हणून हात जोडूं नका! पुराचा लोंढा खांबाला अडून भोवरा धरतो आणि पायाभोंवतालची वाळू उकरून नेतो. पूर ओसरतां तो खड्डा गाळानें भरतो; वरून पाहणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं. त्यांत ठेकेदार वाळू उपसून पात्र आणखी खोल करतात. पैसा त्यांचा, मरण बाजारास निघालेल्या रयतेचें! नदीची ओटी भरून पाया भक्कम होत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं व नंतर पाण्यांत उतरून पाया तपासल्याचा दाखला प्रत्येक ग्रामसभेनें ठराव करून बांधकाम खात्याकडे मागावा.