साडू, साडेसाती आणि काळं कुत्रं

साडू आणि साडेसाती हे शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, तो योगायोग नव्हे, अशी माझी जुनी समजूत आहे. आमच्या साडूंना साडेसाती लागली आणि मला साडू. तेव्हा एका शनिवारी आम्ही दोघे शनिशिंगणापूरला निघालो. माझी मावसबहीण अक्का त्याच गावात दिलेली. शिवाय आमचा मोत्याही तिच्याकडे. चार वर्षांपूर्वी आम्ही वाडा सोडून फ्लॅटात गेलो. सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं, म्हणून मोत्याला मी अक्काकडे 'ठेवलं'. 'सोडलं' असं मी म्हणत नाही.

घोडेगावला गाडी आत वळली, मोत्याचं नाव निघालं आणि साडू उसळले.

"कुत्र्याचं माणसावर प्रेम असतं, ही तुमच्यासारख्या हळव्या लोकांची समजूत. अहो, ते प्रेम भाकरीवर! मोत्या तुम्हाला केव्हाच विसरला असेल."

खरं सांगतो, ऐकून मला क्षणभर बरंच वाटलं. तो विसरला असला, तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. पण साडूंचं म्हणणं मान्य करायची आमच्याकडे पद्धत नाही.

रायगडावरच्या वाघ्याचा दाखला मी मुद्दाम दिला नाही. तो पुतळा २०१२ मध्ये उखडला गेला, पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये पुन्हा वाद झाला. इतिहासकारांच्या भांडणात कुत्र्याला कशाला ओढा? मी अमेरिकेचा दाखला दिला. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात कुत्र्यांना मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं. मग एका खुणेनंतर खाणं, दुसऱ्या खुणेनंतर मालकाची शाबासकी, असा प्रयोग केला. २०१६ मध्ये निष्कर्ष आला : १५ पैकी १३ कुत्र्यांच्या मेंदूला शाबासकीचा आनंद खाण्याइतकाच किंवा त्याहून जास्त झाला. उरलेल्या दोघांना खाणंच प्यारं. ते दोघे आमच्या साडूंच्या नात्यातले असावेत.

"यंत्राला काय कळतंय प्रेम!" साडू म्हणाले. पत्रिकेवरून शनी कुठे बसलाय ते सांगणाऱ्या ज्योतिषावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास.

उघड्या चौथऱ्यावरच्या त्या काळ्या शिळेचं दर्शन झालं, तेल झालं, रुईच्या पानांची माळ झाली. बाहेर एक काळं कुत्रं बसलेलं होतं. साडूंनी पिशवीतून तेल लावलेली पोळी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि वर हातही जोडले. शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घातली की साडेसाती सौम्य होते म्हणे. हेच कुत्रं रविवारी त्यांच्या फाटकाशी आलं असतं, तर त्याला छत्रीचा प्रसाद मिळाला असता. कुत्र्याने पोळी खाल्ली, शेपूट हलवलं, आणि पोळी संपल्यावरही ते साडूंच्या मागे मागे गाडीपर्यंत आलं. आता सांगा, या व्यवहारात हिशेब कोण ठेवत होतं? भीतीपोटी देवाला तेल घालणाऱ्या माणसाने कुत्र्याच्या निःस्वार्थीपणाची झडती घ्यावी, हा शिरजोरपणा झाला.

तिथून अक्काकडे गेलो. या गावच्या रिवाजाप्रमाणे तिच्या घराला चौकट आहे, दार नाही. चोराला शनिदेव बघून घेतो, ही श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेनेही इथे कुलपाशिवायची शाखा उघडली. २०१५ मध्ये पोलीस ठाणं आलं; देवालाही मदतनीस लागतो. रात्री अक्का चौकटीला एक फळी टेकवते, तीसुद्धा भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून! चोरावर विश्वास आणि कुत्र्यावर संशय.

म्हणजे राखणदार म्हणून मोत्याला इथे काम नाही. गळ्यात साखळी नाही, घराला दार नाही. कुठेही जावं, कुणी अडवणार नाही. तरी हा गडी चार वर्षं त्याच उंबऱ्यावर. प्रेम पारखायचं तर अशाच घरात पारखावं. दारं-कुलपं लावून टिकवलेल्या प्रेमाची उदाहरणं आपल्या नातेवाइकांत पुष्कळ सापडतील.

मी गाडीतून उतरलो. मोत्याने मान वर केली, एकदा हवा हुंगली आणि जो काही धावत आला! माझ्या हातात भाकरी नव्हती, तेलाची रिकामी बाटली होती. साडू अंगणातच उभे राहिले, आणि लग्नापासून पहिल्यांदाच गप्प होते.

कुत्रं माणसावर खरं प्रेम करतं का, हा प्रश्न मोठ्या तावातावाने कोण विचारतो, ते मला त्या अंगणात कळलं. ज्याने कधीतरी एखादं कुत्रं 'ठेवलेलं' असतं, त्याला 'नाही' हे उत्तर फार सोयीचं पडतं.

निघताना मोत्या गाडीपर्यंत आला. मी दार उघडलं. त्याने आत पाहिलं, माझा हात चाटला आणि वळून अक्काच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. बरोबर होतं त्याचं.

त्या घराला दार नव्हतं. गाडीचं मात्र मलाच लावावं लागलं.