पंचांगशुद्धीचे उरलेले काम

पंचांगाचे गणित बदलणे म्हणजे धर्म बुडविणे, अशी हाकाटी करणाऱ्यांनी गणेश दैवज्ञांचे स्मरण करावे. कोकणातील नांदगावच्या या आचार्यांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचताना जुने अंक डोळे मिटून उचलले नाहीत. कोणत्या सिद्धांताने कोणता ग्रह वेधाशी जुळतो, हे त्यांनी तपासले. जुळले नाही तेथे दुरुस्ती केली. परंपरा म्हणतात ती ही!

सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचे, आधुनिक वेधांनी नाक्षत्र वर्ष ३६५.२५६३६३ दिवसांचे ठरते. फरक वर्षाला साडेतीन मिनिटांचा, पण हजार वर्षांत तो सुमारे अडीच दिवसांवर जातो. केरो लक्ष्मण छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर यांनी शुद्ध गणितासाठी आयुष्य वेचले. लोकमान्यांनी हा प्रश्न राष्ट्रकार्य मानला. १९२० मध्ये आमच्या शेजारच्या सांगलीत त्यासाठी ज्योतिष संमेलन भरले.

मग घोडे अडले कोठे? राशिचक्राच्या आरंभबिंदूपाशी! टिळक पंचांग रेवतीचा योगतारा धरते, तर बहुतेक पंचांगे चित्रा तारा. दोहोंच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. परिणामी एकाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास, तर दुसऱ्याची १४-१५ जानेवारीला येते. अधिक मास संक्रांतीवरूनच ठरत असल्याने काही वर्षी एकाच गावात सण महिन्याच्या अंतराने होतात. हिंदू समाजाच्या एकतेच्या गोष्टी करणाऱ्यांना हे शोभते काय?

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. वर्षमान वेधाने ठरते. तेथे बहुमताला स्थान नाही. आरंभबिंदू मात्र संमतीने ठरवावयाचा असतो. तेथे हट्टाला स्थान नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ च्या अहवालात चित्रा ताऱ्याचा आधार घेऊन २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला ठरविला. तो कोणास अमान्य असेल, तर त्याने विद्वत्सभेत कारणे मांडावीत. घरोघरी संभ्रम वाटत बसू नये.

सर्व पंचांगकर्त्यांनी पुन्हा एकत्र बसावे आणि एक अयनांश मान्य करावा. तोवर प्रत्येकाने आपला अयनांश पहिल्याच पृष्ठावर ठळक छापावा. येत्या गुढीपाडव्याला नवे पंचांग घेताना वाचकांनीही तो आवर्जून विचारावा.