मोटारीचे फ्यूज : कोठे असतात, कसे ओळखावे

बेळगाव-निपाणी पट्ट्यातील आमच्या खेड्यांतून आता पुष्कळ घरांपुढे मोटार उभी दिसते. ती बहुधा जुनी विकत घेतलेली, मागे डिकी असलेली, पाच माणसे व त्यांची बोचकी पोटात घेणारी अशी असते. तिच्यात पेट्रोल किती, चाकांत हवा किती, हे घरातील मुलेही सांगतात. परंतु तिचे फ्यूज कोठे आहेत असे विचारले, तर घरधनी मेस्त्रीचे नाव सांगून मोकळा होतो. तवंदी घाटात भर पावसात वायपर थांबले किंवा जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी निघालेल्या गाडीचे दिवे चोर्ला घाटात पहाटेच्या अंधारात गेले, तर तो मेस्त्री काही शेजारी नसतो. म्हणून आज हा विषय घेत आहोत.

फ्यूज म्हणजे काय, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस शिकविण्याचे कारण नाही. मीटरजवळची पांढरी चिनी मातीची खुंटी उपसून तिच्यात तार बांधण्याचे काम त्यांनी अनेकदा केले आहे. वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली की ती बारीक तार आधी वितळते आणि पुढची मोठी तार वाचते. मोटारीतही हेच घडते. मात्र त्या जुन्या कामातून एक वाईट खोड आपल्याकडे राहून गेली आहे. तार वारंवार जळते, म्हणून दोन पदर जादा घालावयाचे! मोटारीत ही खोड फार घातक ठरते. बॅटरी अवघ्या १२ व्होल्टची, तिच्या तारेला हात लागला तरी झटका बसत नाही, म्हणून लोक तिला गरीब समजतात. पण तीच तार सोलवटून गाडीच्या पत्र्याला टेकली, की बॅटरी एकदम शेकडो अँपियर सोडते आणि तार क्षणात लाल होते. शेजारी पेट्रोलची नळी असते, हे ध्यानात घ्यावे.

ज्यांनी अँबॅसडर चालविली त्यांना काचेच्या नळीतील फ्यूज आठवतील. ते संख्येने मोजकेच असत. फियाटचीच पुढे १९७४ पासून पद्मिनी झाली. तिच्यात लहान कांडीवर उघडी धातूची पट्टी बसविलेली असे. आजच्या गाडीत दिवे, पंखे, काचा, कुलुपे, इंजिनाचा संगणक अशा प्रत्येकाला वेगळा रखवालदार लागतो. म्हणून फ्यूजही डझनावारी असतात आणि ते चपटे, रंगीत प्लॅस्टिकचे, खाली दोन धातूचे पाय असलेले असे असतात.

बहुतेक गाड्यांत त्यांच्या पेट्या दोन. एक बोनेटखाली, बॅटरीच्या आसपास, काळ्या झाकणाची. दुसरी आत, चालकाच्या बाजूस डॅशबोर्डाखाली, गुडघ्याच्या पातळीवर. ती पाहण्यास दार उघडून खाली वाकावे लागते. काही गाड्यांत ही आतील पेटी डॅशबोर्डाच्या कडेला किंवा डावीकडील खणाच्या मागे असते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात जागा दाखविलेली असते. जुन्या गाडीबरोबर ते पुस्तक मिळाले नसेल, तर विकणाऱ्याकडे अवश्य मागावे.

झाकणाच्या आतील बाजूस बहुधा एक नकाशा असतो. तो वाचताना गोंधळ होतो तो असा, की काढलेले झाकण हातात उलटे होते आणि डावे-उजवे बदलते. झाकण पेटीवर जसे बसते तसेच धरून मगच घर मोजावे. नकाशावरील अक्षरे त्रोटक इंग्रजी. ‘डॉम’ म्हणजे छतातील दिवा, ‘स्टॉप’ म्हणजे ब्रेक दाबल्यावर लागणारा मागील दिवा, ‘हॅझ’ म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणारी सोय, ‘आय. जी.’ म्हणजे किल्ली फिरविल्यावर सुरू होणारी वीज. पेटीतील काळे चौकोनी ठोकळे हे रिले असतात, फ्यूज नव्हेत.

आता रंगांविषयी, कारण खरी सुरक्षितता येथे आहे. ५ अँपियरचा फ्यूज बदामी, साडेसातचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक, ३० चा हिरवा. डोक्यावर आकडाही असतो. आकडा कसा ठरतो हे एका उदाहरणाने कळेल. समोरचा एक दिवा ६० वॅटचा धरला तर १२ व्होल्टवर तो ५ अँपियर घेतो. त्याच्या घरात १० किंवा १५ चा फ्यूज असतो आणि तार त्या बेताने जाड असते. तेथे ३० चा हिरवा खोवला तर बिघाडात फ्यूज शाबूत राहतो व तार जळते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने वापरलेली गाडी घेतली. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री संकेश्वरच्या अलीकडे धाकट्या मुलाने रबर जळल्याचा वास येतो असे म्हटले. बापाने ते हसण्यावारी न नेता गाडी कडेला घेतली, किल्ली काढली, सर्वांना खाली उतरविले. सकाळी मेस्त्रीने पाहिले तेव्हा दिव्याच्या घरातील फ्यूजला कोणीतरी चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळलेला आढळला आणि पुढच्या तारेचे आवरण हातभर वितळलेले होते. पूर्वीच्या कोणा मालकाने की कारागिराने हे केले ते कळले नाही. मागील आसनावर तीन लेकरे झोपली होती. त्यातील एकाला वेळीच जाग आली, एवढेच. जुनी गाडी घेणाऱ्याने रंगकामापेक्षा या दोन पेट्या आधी उघडाव्यात आणि प्रत्येक फ्यूजचा आकडा नकाशातील आकड्याशी ताडून पाहावा. अर्ध्या तासाचे काम आहे.

फ्यूज गेला की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. किल्ली बंद करून काढावी. पेटीत बहुधा प्लॅस्टिकचा लहान चिमटा असतो. त्याने फ्यूज सरळ वर उपसावा, वाकवून नव्हे. उजेडाकडे धरला की आतील वळणदार पट्टी अखंड की तुटलेली ते दिसते. नवा घालताना आकडा तोच आणि आकारही तोच हवा, कारण लहान-मोठे प्रकार आहेत. दुकानात जाताना जुना नमुना न्यावा. चार-सहा फ्यूज घरात आणून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. रात्री जवळ नसेल तर रेडिओच्या घरातील त्याच आकड्याचा काढून वायपरला द्यावा. रेडिओवाचून घर गाठता येते. एकच दिवा गेला असेल तर मात्र आधी बल्ब पाहावा.

नवा फ्यूज घालताच पुन्हा उडाला, तर तिसरा घालू नये. तो रखवालदार काही सांगत आहे. कारण कधी क्षुल्लक असते: मोबाईल लावण्याच्या खोबणीत मुलाने टाकलेला रुपया. कधी बाहेरून जोडून घेतलेले भोंगे व झगझगीत दिवे. या हौसेविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. उसाच्या पट्ट्यात उंदरांनी कुरतडलेल्या तारा हेही कारण असते. त्यावर उपाय म्हणून काही जण बोनेटात तंबाखू ठेवतात. निपाणीच्या परिसरात तिला तोटा नाही. पण वाळलेले पान तापलेल्या इंजिनाजवळ मोकळे ठेवणे म्हणजे उंदीर टाळून आग बोलाविणे होय.

बोल्टने आवळलेला मोठा मुख्य फ्यूज, हवेच्या पिशवीचा फ्यूज आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी तारा यांना घरी हात लावू नये. नारिंगी तारांतील दाब प्राणघातक असतो.

आमच्याकडे मालक मराठी, मेस्त्री कानडी आणि झाकणावरील अक्षरे इंग्रजी असा प्रकार नेहमीचा आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून एका कागदावर दोन्ही भाषांत दिवे, वायपर, हॉर्न, पंखा यांची घरे व आकडे लिहून घ्यावेत, झाकणाचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे, आणि तो कागद घरात जी जी माणसे गाडी चालवितात त्यांना एकदा दिवसाउजेडी पेटी उघडून दाखवावा. फ्यूज व एक लहान विजेरी डावीकडील खणात ठेवावी. डिकीत सामानाखाली ती पावसात सापडत नाही.