कचऱ्यातील वायूचा हिशेब

तापीच्या मुखाशी वसलेल्या हजिऱ्याला देशाच्या इंधनव्यवहारात मानाचे स्थान आहे. वसईसमोरील सागरतळातील नैसर्गिक वायू येथे किनाऱ्याला लागतो. विजयपूर-जगदीशपूरकडे जाणारी वायुवाहिनी येथूनच निघाली आणि २००५ पासून परदेशचा द्रवरूप वायूही येथे जहाजांतून उतरू लागला. या वायूच्या घनमीटरागणिक हिशेब ठेवला जातो, हे योग्यच आहे. परंतु त्याचाच मुख्य घटक असलेला मिथेन आपल्या शहरांच्या कचराभूमींतून अहोरात्र हवेत मिसळत असतो. त्याचा हिशेब कोण ठेवतो?

ओला कचरा हवेवाचून कुजला की जो वायू निर्माण होतो, त्यात सुमारे निम्मा मिथेन असतो. शंभर वर्षांच्या गणिताने तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो ज्वालाग्राही! देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर मुंबईकर अद्याप विसरलेले नाहीत. मुंबईतील एका कचराभूमीतून ताशी सुमारे १० टन मिथेन बाहेर पडत असल्याचे उपग्रह-निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासाने २०२२ साली दाखवून दिले.

उपाय अज्ञात आहे, असे मुळीच नाही. ढिगावर अभेद्य आवरण घालावे, आत सच्छिद्र नळ्या उतरवून वायू ओढून घ्यावा आणि त्यावर वीज निर्माण करावी. ते परवडत नसेल तर निदान तो जाळून टाकावा, म्हणजे त्याची तीव्रता पुष्कळ घटते. मुंबईची गोराई कचराभूमी २००९ पर्यंत याच रीतीने बंद करण्यात आली. सुरत महापालिकेनेही या शतकाच्या आरंभी अंजणा येथील मलशुद्धीकरण केंद्रातील वायूपासून वीज निर्माण करून दाखविली.

हा व्यवहार किफायतशीर नाही, असे पालिकांचे म्हणणे असते. आमच्या मते हा प्रश्न नफ्याचा नसून कर्तव्याचा आहे. कचराभूमीत वायुनियंत्रणाची व्यवस्था हवी, असे २००० सालच्या नियमांनीच बजावले होते. पुढील ओला कचरा ढिगावर न नेता इंदूरप्रमाणे बंदिस्त संयंत्रात नेणे, हा तर खरा मार्ग. मात्र त्यासाठी घरोघरी कचरा वेगळा झाला पाहिजे आणि तेथे नागरिकांनाही आपली जबाबदारी झटकता येणार नाही.

तूर्त प्रत्येक महापालिकेने आपल्या कचराभूमीतून किती वायू निघाला, किती गोळा झाला आणि किती वाया गेला, याचा ताळेबंद दरवर्षी अंदाजपत्रकासोबत जनतेपुढे मांडावा. सागरतळाचा वायू मोजणाऱ्या देशाला आपल्या वेशीवरचा वायू मोजणे अवघड नाही. कचराभूमीच्या कडेला राहणाऱ्या गरिबांच्या श्वासाचा प्रश्न त्यात गुंतला आहे, याचे भान मात्र हवे.