गोषवारा हा कादंबरीचा अपमान नव्हे

हस्तलिखित पूर्ण होते, प्रकाशक एक-दोन पानांचा गोषवारा मागतो आणि आपल्यातील कित्येक होतकरू कादंबरीकारांचा पारा चढतो. “जे एका पानात मावले असते, त्यासाठी चारशे पाने कशाला लिहिली असती?” हा त्यांचा सवाल. वरकरणी तो बिनतोड वाटतो; पण त्यामागे कलेचा अभिमान कमी आणि अंगचोरपणा अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये होमरच्या चोवीस सर्गांच्या ‘ओडिसी’चे कथानक मोजक्या वाक्यांत सांगितले आहे. एक मनुष्य वर्षानुवर्षे घरापासून दूर, एकाकी. समुद्रदेवाची त्याच्यावर करडी नजर. घरी पत्नीचे मागणीदार त्याची संपत्ती उधळतात, मुलाच्या जिवावर उठतात. अखेर तो परततो, ओळख देतो आणि शत्रूंचा नाश करतो. बाकी सारी उपाख्याने! यामुळे होमर लहान झाला काय? उलट, त्या महाकाव्याचा कणा किती भक्कम आहे, ते कळले.

दुसरा गैरसमज असा, की शेवट गुप्त ठेवावा. मलपृष्ठावरील मजकूर वाचकाची उत्कंठा वाढवण्यासाठी असतो. गोषवारा संपादकाला निर्णय घेता यावा म्हणून असतो. १८९० साली ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागलेल्या हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चा गोषवारा यमूचे वैधव्य आणि सक्तीचे केशवपन वगळून लिहिला, तर हाती काय उरेल? एका मुलीच्या बालपणाची आणि संसाराची हकीकत!

गोषवाऱ्यात भाषेचे लावण्य उतरत नाही, हे मला मान्य आहे. तो भार नमुना प्रकरणांनी वाहावा. गोषवाऱ्याने एवढेच सांगावे: मुख्य पात्र कोण, त्याला काय हवे, आड काय येते, तो कोणता निर्णय घेतो आणि त्याची परिणती काय. वर्तमानकाळात, साध्या वाक्यांत, दुय्यम पात्रांची नावे गाळून.

आणि लिहिताना एक कसोटी लावावी. दोन घटनांना जोडताना ‘म्हणून’ हा शब्द सुचतो, की प्रत्येक वेळी ‘आणि मग’ म्हणावे लागते? सर्वत्र ‘आणि मग’च येत असेल, तर दोष गोषवाऱ्याचा नसून कादंबरीचा आहे. तो प्रकाशकाकडून नकार येण्याआधी आपल्यालाच कळला, यात अपमान कसला? ज्याला ही कसोटी नको, त्याने हस्तलिखित खुशाल ट्रंकेत ठेवावे. मात्र आपली उपेक्षा झाली, अशी तक्रार करू नये.