सूत्र कोणाच्या हाती?

गेल्या रामनवमीस आम्ही सुरतेस कतारगामात एका स्नेह्यांच्या घरी होतो. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांचा हा भाग. कंतारेश्वर महादेवाचे जुने देवस्थान इथलेच. माध्यान्ही देवघरात जन्माचा पाळणा सजला होता, आणि बाहेरच्या खोलीत सहा वर्षांची नात पडद्यावर बेडूक झालेल्या राजपुत्राची कथा पाहण्यात गढली होती. राजपुत्र कापडाचा, बाहुलीचा. आजीने दोनदा हाक मारली, "बाये, यो गो, देवाचो पाळणो हालय." पोरीने मान वळवली नाही. जमलेल्या वडीलधाऱ्यांनी निकाल देऊन टाकला : ही सारी दूरचित्रवाणीची करणी!

हा निकाल आम्हांस मान्य नाही.

बेडूक झालेला राजपुत्र मूळचा जर्मनीतील. ग्रिम बंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहात पहिलाच मान या कथेला आहे. १९७१ साली अमेरिकेत जिम हेन्सन यांनी तिच्यावर बाहुल्यांचा दूरचित्रवाणी-खेळ रचला. मूळ कथेचे मर्म काय? राजकन्या बेडकाला शब्द देते आणि मोडू पाहते. तेव्हा तिचा पिता तिला तो पाळावयास लावतो. दिलेल्या वचनापायी ज्याच्या घरातला राजपुत्र वनात गेला, त्या दशरथाची कथा ऐकून वाढलेल्या समाजाने या कथेस परकी म्हणून नाक मुरडावे, हे आम्हांस शोभत नाही. त्या लोकांनी आजीची गोष्ट उचलली, बाहुलीत प्राण ओतला आणि नव्या पडद्यावर नेली. यात त्यांचा अपराध कोणता?

अपराध आहे तो आमचा. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी ही त्रिविध विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सावंतवाडीच्या राजाश्रयाने ती वाढली आणि देवळांच्या आवारांत ती रंगली. कथेकरी रामकथा सांगे आणि लाकडाचा राम, लाकडाची सीता दोऱ्यांच्या हालचालींवर सजीव होत. म्हणजे बाहुलीचा राजपुत्र आमच्या मुलांना अमेरिकेहून आणावयाचा नव्हताच. तो देवळाच्या आवारातच उभा होता. त्याला तेथून घालवले कोणी? उत्सवाच्या खर्चात ध्वनिक्षेपकांच्या भिंतींना आणि सिनेगीतांच्या वाद्यवृंदाला हजारो रुपये मोजणाऱ्या, आणि बाहुलेवाल्यांपुढे मात्र नारळ व चार नाणी ठेवणाऱ्या आम्हीच. आमच्या भाषेनेही या अपमानाला हातभार लावला : ज्याला स्वतःची बुद्धी नाही त्याला आम्ही 'कळसूत्री बाहुले' म्हणतो, आणि नाटकाच्या चालकाला 'सूत्रधार' हे मानाचे नाव देताना ते सूत्र कोणते, याची आठवणही ठेवीत नाही.

कोणी म्हणेल, १९८७ साली 'रामायण' दूरचित्रवाणीवर आले. त्याचे चित्रण याच दक्षिण गुजरातेत उंबरगावी झाले. घरोघर रामकथा पोचली, मग बाहुल्यांची गरज काय? ती मालिका पोचली, यात संशय नाही. परंतु पडद्यावरच्या रामापुढे मूल केवळ हात जोडते. कळसूत्रीच्या खेळात त्याला राम दिसतो, दोरा दिसतो आणि दोरा हलविणारा हातही दिसतो. घरी जाऊन ते चिंधीचा राम करून पाहते. जी कथा मुलाच्या हाताला लागते, तीच त्याची होते.

दुसरा आक्षेप, आजच्या मुलांना बाहुल्या रुचणार नाहीत, हा. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाने मराठी घरांत मिळविलेले प्रेम त्याचे उत्तर आहे. आणि कतारगामातली ती पोर तरी दुसरे काय पाहत होती? बाहुलीच ना!

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. शासनाने आपले कर्तव्य केले. परंतु पदकाने कलावंताचा गौरव होतो; कला जगते ती प्रेक्षकांवर, आणि देवळातल्या कलेचे प्रेक्षक आपण आहोत. कुलदेवतेच्या दर्शनासाठी गोव्याकडे निघालेली आपली कुटुंबे कुडाळवरून जातात. कित्येक पिंगुळीस राऊळ महाराजांच्या समाधीपुढे माथाही टेकतात. तेथून हाकेच्या अंतरावरील या कलेकडे त्यांपैकी किती मुलांना नेले जाते?

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक देवस्थान समितीने नवरात्रात अथवा रामनवमीस एक रात्र कळसूत्रीला द्यावी. कलावंताला बिदागी नव्हे, ठरलेले मानधन द्यावे, आणि पुढची रांग मुलांसाठी राखावी. सुरत, मुंबई, बडोदे येथील मंडळांनी वर्गणीतून प्रवासखर्च उचलावा. एवढेही करावयाचे नसेल, तर पडद्यापुढच्या पोरीला बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. तिने आपला राजपुत्र टाकून दुसऱ्याचा घेतला नाही. आपला तिला कोणी दाखविलाच नाही.